गाडी कंपनीची, नाव वडिलांचं

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणारा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो: यात माझे वाचतील किती? जातील किती, हे फार थोडे विचारतात. प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम मी रत्नागिरीत सव्वीस वर्षं केलं. त्याआधी काही वर्षं इथल्याच एका दैनिकाच्या वृत्तकक्षात होते. दोन्ही कामांत मला फार फरक वाटला नाही. समोर आलेला कागद कोणाचा, त्यावरची तारीख कोणती, आकडा कुठून आला, हे आधी विचारायचं आणि मग लिहायचं. आता काम थांबवलं आहे. या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातल्या गमती लिहायला सांगितल्या. गमती आहेत. पुढे मात्र एक प्रकरण आहे, त्यात गंमत नाही. लिहायला बसले ती त्याच्यासाठी.

देणगीवर करात सूट मिळते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. कोणत्या देणगीवर आणि किती, इथे घोटाळा होतो. संस्थेला आयकर खात्याची तशी मान्यता लागते. रक्कम दोन हजारांच्या वर असेल तर ती रोख चालत नाही. चेकनं किंवा बँकेतून जावी लागते. वस्तू दिली तर सूट नाही. शिवाय ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नवी पद्धत निवडणाऱ्यानं कितीही दान केलं तरी त्याच्या करात एक रुपयाचा फरक पडत नाही.

पावसच्या बाजूचे एक बागायतदार माझ्याकडे येत. आंब्याच्या उत्पन्नावर त्यांना कर नव्हताच, कर होता तो पर्यटकांना दिलेल्या खोल्यांच्या भाड्यावर. एका वर्षी त्यांनी मुलांच्या एका आश्रमाला हापूसच्या शंभर पेट्या दिल्या आणि आभाराचं पत्र व वाशीच्या दराचा कागद घेऊन आले.

“एवढे वजा करा, मॅडम.”

“आंबे धरत नाहीत. पैसे दिले असते तर धरले असते.”

“पैसे काय झाडाला लागतात?”

“तुमचे तर झाडालाच लागतात.”

ते हसले. मग जिन्यापर्यंत जाऊन परत आले. “म्हणजे आंबा विकायचा, पैसे करायचे, ते आश्रमाला द्यायचे. आणि पोरांनी खायचं काय, पावती?”

मिरकरवाड्यातल्या एका बोटमालकांनी मुलांच्या वसतिगृहाला चाळीस हजार रोख दिले होते. मी म्हटलं, खात्याच्या लेखी तुम्ही दिलेच नाहीत. ते म्हणाले, “अल्लानं बघितलंय, बाई.” मी म्हटलं, “खात्यानं नाही बघितलं.” त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मग नुकसान खात्याचं.” पुढच्या वर्षीही त्यांनी रोखच दिले.

गाडीची लीज हा प्रकार आपल्याकडे त्यामानानं अलीकडचा. नोकरदाराला गाडी हवी असते. त्याची कंपनी ती भाड्यानं गाड्या देणाऱ्या संस्थेकडून तीन-चार वर्षांसाठी घेते आणि त्याला वापरायला देते. महिन्याचं भाडं त्याच्या पगारातून, कर लागण्याच्या आधी, कापलं जातं. त्यामुळे कर कमी बसतो. विमा आणि दुरुस्ती त्यातच असते. मुदत संपली की ठरलेल्या किमतीला गाडी आपली करून घेता येते. तोवर ती आपली नसते. नोकरी गेली की गाडी परत द्यायची, आणि वर दंड म्हणून काही महिन्यांचं भाडं. ठेवायचीच असेल तर उरलेलं सगळं भाडं एकरकमी भरायचं. ही शेवटची दोन वाक्यं मी प्रत्येकाला सांगत असे. ती कोणी ऐकत नसे, कारण तोवर त्याच्या मनात गाडीचा रंग ठरलेला असे.

महेश हा किनाऱ्यालगतच्या एका कंपनीत पाळीप्रमुख होता. वय त्रेचाळीस. साळवी स्टॉपजवळ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत बायको आणि शाळकरी मुलगी यांच्यासह भाड्यानं राहायचा. त्याचं गाव पावसच्या पुढे, रत्नागिरीपासून बावीस किलोमीटर. तिथे आई एकटी. वडील, दत्ताराम, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आदल्या भाद्रपदात गेले होते. नोकरदारांना कंपनीत गुंतवणुकीचे पुरावे द्यायचे असतात, त्या जानेवारीच्या दिवसांत तो माझ्याकडे आला.

“माझ्याकडे तीन लाख आहेत आणि कामं दोन आहेत,” तो म्हणाला.

तीन लाख म्हणजे वडिलांची मुदतठेव. पहिलं काम गावातल्या शाळेचं. ही शाळा मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांनी संस्था काढून चालवलेली, करसवलतीची मान्यता असलेली. नव्या इमारतीची सभा झाली तेव्हा दत्ताराम उभे राहून म्हणाले होते, एक वर्गखोली माझी. तीन लाख देणाऱ्याच्या नावाची पाटी खोलीवर लागणार होती. शब्द दिला आणि दोन महिन्यांत ते गेले. गावात दिलेला शब्द माणसाबरोबर जात नाही, तो घरावर राहतो.

दुसरं काम आईचं. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डिसेंबरपासून आठवड्यातून तीन वेळा, सोमवार, बुधवार आणि शनिवार, रत्नागिरीला डायलिसिस सुरू होतं. सरकारी योजनेत असल्यानं उपचाराला पैसे पडत नव्हते. गावातला इक्बाल नावाचा रिक्षावाला तिला नेई, चार तास थांबे आणि परत आणे. जाताना ठीक असे. येताना तिचा रक्तदाब उतरलेला असे, आणि रिक्षात आडवं होता येत नाही. दोनदा तिला वाटेत उलटी झाली होती. म्हणून गाडी हवी होती.

मी एका कागदावर दोन रकाने केले. पहिल्यात तीन लाखांची जुनी गाडी, आणि देणगी पुढे कधीतरी. दुसऱ्यात देणगी आत्ता, आणि गाडी कंपनीच्या लीजवर. लीजमुळे कर वाचत होता. देणगीमुळेही वाचत होता, फार नाही. तीन लाख दिले म्हणून तीन लाखांवरचा कर सुटत नाही. उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचीच देणगी विचारात घेतात आणि तिच्या निम्म्यावर सूट देतात. महेशच्या बाबतीत वाचणारा कर साधारण अठरा हजार निघाला. दुसरा रकाना सरळसरळ फायद्याचा होता.

“म्हणजे दोन्ही होतंय?” त्यानं विचारलं.

“होतंय. नोकरी चार वर्षं टिकायला हवी.”

“कंपनी काय समुद्र उचलून नेणार आहे?”

मी त्याला सांगितलं, चेक तुझ्या खात्याचा दे आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र घे. पावती कोणाच्या नावाची घ्यायची, हे मी सांगितलं नाही. पैसे ज्याच्या खात्यातून जातात त्याच्याच नावाची पावती असते, यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

गाडी एप्रिलमध्ये आली. पांढरी, पुढची सीट पूर्ण मागे जाणारी. महेश पाळीवर असेल तेव्हा त्याची बायको आईला न्यायची. एका बुधवारी डायलिसिसनंतर मायलेक माझ्याकडे थांबले. महेश वर कागद द्यायला आला आणि मी खाली गेले, तेव्हा आई पुढच्या सीटवर मागे रेलून बसल्या होत्या. डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा गणपती, आरशाला लिंबू-मिरची. त्यांच्या हाताला पांढरी पट्टी.

“बरी आहे गाडी?” मी विचारलं.

“बरी म्हंजे, घरात निजल्यासारखा वाटता. पण बाई, ह्याचा हप्ता नाय म्हणतो म्हेश. भाडा हाय म्हणतो. बिऱ्हाडाचा असता तसा?”

“तसंच.”

“मग मालक उठ म्हणाला की उठायचा?”

“नोकरी आहे तोवर कोणी उठ म्हणणार नाही.”

त्या हसल्या. “म्हंजे उठायचा,” म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत लीज एवढ्या लवकर कोणाला समजलेली मी पाहिली नाही.

जुलैत मी महेशचं विवरणपत्र भरलं. संस्थेच्या प्रमाणपत्राचा फोटो त्यानं मोबाइलवर पाठवला होता. संस्थेचं नाव, मान्यतेचा क्रमांक, रक्कम, तारीख मी तपासली. देणगीदाराच्या चौकटीत दत्ताराम हे नाव आणि आडनाव होतं. महेशच्या पूर्ण नावात मधलं नाव दत्तारामच आहे. ओळखीचे शब्द दिसले आणि मी पुढच्या ओळीवर गेले. त्याखाली पॅन क्रमांक होता. तो मी महेशच्या पॅनशी ताडून पाहिला नाही. वृत्तकक्षात नाव न तपासता बातमी सोडल्याबद्दल मी शिकाऊ मुलांना बाहेर उभं केलेलं आहे.

ऑगस्टमध्ये परतावा खात्यात आला. त्यातून गावातल्या घराच्या पायऱ्या मोडून उतार करून घेतला, आईला सोपं जावं म्हणून.

नोव्हेंबरमध्ये कंपनीनं एक विभाग बंद केला आणि त्यातल्या माणसांना कमी केलं. महेश त्यात होता. पत्रात शेवटच्या हिशेबाची तारीख होती आणि त्याखाली गाडी परत करण्याची. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आयकर खात्याचा संदेश आला: तुम्ही दाखवलेली देणगी संस्थेनं दिलेल्या माहितीशी जुळत नाही, तपासा आणि चूक असेल तर महिनाअखेरपर्यंत विवरणपत्र दुरुस्त करा.

मी मूळ प्रमाणपत्र मागवलं. महेश ते घेऊन आला आणि उभाच राहिला.

“यावर बाबांचं नाव आहे,” मी म्हटलं. “पॅनही त्यांचा.”

“हो. संस्थेचे सचिव, गुरुजी, त्यांनी विचारलं, पाटीवर नाव कोणाचं? मी म्हटलं बाबांचं. मग म्हणाले पॅन द्या. नाव बाबांचं, तर पॅन बाबांचाच द्यायला नको का?”

“बाबा तेव्हा हयात नव्हते.”

“ते शाळेला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. खात्याला कोण सांगणार?”

तो चिडून बोलत नव्हता. गावात देणगी मृताच्या नावानंच देतात. जिवंत माणसानं स्वतःच्या नावानं दिली तर मिरवतो म्हणतात. गुरुजींनी त्याप्रमाणे पावती केली आणि खात्याला तसंच कळवलं. खात्याच्या संगणकात तीन लाख रुपये एका मेलेल्या माणसानं दिले होते, आणि महेशनं काहीच दिलं नव्हतं.

चूक सुधारता येण्यासारखी होती. चेक महेशच्या खात्याचा होता, म्हणजे खरा देणगीदार तोच. संस्थेनं खात्याकडे दुरुस्त माहिती भरायची आणि प्रमाणपत्र त्याच्या नावानं द्यायचं, की सूट कायम राहत होती. मी संस्थेच्या सचिवांना फोन केला. निवृत्त शिक्षक, गावात सगळे गुरुजीच म्हणतात.

“मॅडम, आमचा ठराव आहे,” गुरुजी म्हणाले. “ज्याची पावती त्याचं नाव खोलीवर. पावती महेशची केली तर पाटी महेशची. बापाचं नाव उतरवून पोरानं आपलं चढवलं, असं गाव बोलणार. ते त्यांच्या घराला नको, मलाही नको.”

“पाटीला हात लावायची गरज नाही. पावती महेशच्या नावानं करा आणि खाली वडिलांच्या स्मरणार्थ असं लिहा. कायद्याचा भिंतीशी संबंध नाही.”

“ते सभेपुढे ठेवावं लागेल.”

“सभा कधी?”

“मुंबईकर येतील तेव्हा. शिमग्याला.”

“तारीख एकतीस डिसेंबर आहे, गुरुजी.”

त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, “काकींची सही आणा. दत्तारामच्या बायकोची हरकत नाही असं लेखी आलं, तर मी माझ्या अधिकारात करतो. मग मला कोणी बोलणार नाही.”

म्हणजे सगळं महेशच्या आईच्या सहीवर आलं. महेशनं तिला विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं मला फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

“बाई, तुमचा कागद मला कळत नाय,” त्या म्हणाल्या. “पण एक सांगा, कागदावरना ह्यांचा नाव गेला, की भितीवरना जायला किती दिस?”

“भिंतीवरचं जाणार नाही.”

“माझ्या बापसाचा नाव सातबाऱ्यावर होता. तलाठी म्हणाला, नुसता कागदावर फेर करायचाय, जमीन कुठं जाते? तिसऱ्या वर्षी चुलत्यानं कुंपण घातलान. आधी कागद जातो, मग वय सरकते.”

वय म्हणजे आमच्याकडे कुंपण. मी म्हटलं, हे तसं नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता म्हणून आसंल.” पण सही केली नाही.

त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर होतं. नवी पावती कशी दिसेल, त्यावर दत्ताराम हे नाव कुठे असेल, हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवायला हवं होतं. पण वर्षअखेर होती, टेबलावर इतरांची कामं होती, आणि माझ्या मते हे प्रकरण अठरा हजारांचं होतं. मी सगळं मोबाइलवर टाइप केलं आणि महेशला पाठवलं: आईंना वाचून दाखव. त्यानं वाचून दाखवलं. एकोणतीस तारखेला त्याचा फोन आला.

“राहू दे, मॅडम. ती रडते. तिच्यासमोर मी कितीदा तेच बोलू? सूट काढून टाका. भरतो मी पैसे.”

मी विवरणपत्र दुरुस्त केलं. अठरा हजार आणि वर थोडं व्याज त्यानं भरलं. कंपनीकडून मिळालेल्या शेवटच्या रकमेतून लीजच्या दंडाचं भाडं आधीच वजा झालेलं होतं. त्या संध्याकाळी तो आईला फोनवर म्हणाला की काम झालं, अठरा हजार गेले, विषय संपला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून तो असं म्हणाला होता.

गाडी जानेवारीत गेली. ताब्यात घ्यायला एमआयडीसीतल्या एका आवारात भाडेसंस्थेचा माणूस आला होता. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले, ओरखडे मोजले, आणि डॅशबोर्डवर बोट ठेवलं. आईनं आदल्या दिवशी गणपती काढून घेतला होता. चिकटवलेल्या गोंदाचा डाग राहिला होता.

“हा डाग लिहावा लागेल.”

“तो गणपतीचा आहे,” महेश म्हणाला.

“असेल हो. पण डॅशबोर्डवर डाग आहे.”

त्याचे बाराशे लागले.

महेशला फेब्रुवारीच्या मध्यावर महाडला कंपनीत काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगारावर. पंधरा दिवसांनी एकदा यायचा. बायको एका दुकानात बिलिंगला लागली, रविवारची तेवढी सुट्टी. आईला रत्नागिरीत आणायचं बोलणं झालं, पण तीन जिने चढणं तिला शक्य नव्हतं आणि खालच्या मजल्याचं भाडं त्यांना झेपणारं नव्हतं. पुन्हा इक्बालची रिक्षा ठरली. जाणं, थांबणं, येणं मिळून एका फेरीचे नऊशे. बायको दर रविवारी गावी जाई आणि आठवड्याच्या तीन फेऱ्यांचे पैसे सासूच्या हातात ठेवी. इक्बालचे पैसे इक्बालला सासूच देई, तिचा तसा आग्रह होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, महेशची आई गेली. सून घरात होती. सकाळपासून दम लागत होता, पाय सुजले होते. इक्बालनं रिक्षात घातलं. गोळप ओलांडलं आणि भाट्याच्या पुलाआधी तिचा श्वास थांबला. तो पुढे रुग्णालयापर्यंत गेलाच, पण तिथे तपासून सांगण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. छातीत पाणी भरलं होतं.

मला बातमी तीन दिवसांनी कळली. पाचव्या दिवशी मी गावी गेले. बावीस किलोमीटर, पाऊण तास. घर शाळेच्या समोरच आहे. सुट्टीमुळे शाळा बंद होती. आत जाण्याआधी मी व्हरांड्यात चढून पाट्या वाचल्या. तिसऱ्या खोलीवर संगमरवरी पाटी, कै. दत्ताराम यांचं नाव. पलीकडच्या, चौथ्या खोलीवर तशीच दुसरी पाटी होती. वर कोणा मृत बाईंचं नाव, त्याखाली स्मरणार्थ हा शब्द, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: देणगीदार, मुलगा अमुक. मी गुरुजींना फोनवर जे समजावत होते ते त्यांच्याच शाळेच्या भिंतीवर कोरलेलं होतं. गुरुजींनी नंतर सांगितलं की ती पाटी ठरावाच्या आधीची. असेल. डिसेंबरमध्ये आले असते तर मी महेशच्या आईला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं असतं आणि ती पाटी वाचून दाखवली असती. त्यांनी सही केली असती की नाही, हे मला सांगता येत नाही. विचारलं असतं, एवढं सांगता येतं.

घरात महेश, त्याची बायको आणि दोन-चार शेजारी होते. इक्बाल अंगणात उतारापाशी उभा होता. पन्नाशीचा, अंगानं बारीक. मला पाहून तो पुढे आला. त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं.

“तुम्ही त्या टॅक्सवाल्या मॅडम ना? मी महेशला सांगितलंय, तुम्हाला पण सांगतो. शनिवारी मी येतच नव्हतो.”

“म्हणजे?”

“अर्ध्या फेब्रुवारीपासून. पहिल्याच शनिवारी मी रिक्षा लावली दारात, तर काकी म्हणाल्या, इक्बाल, डॉक्टरांनी आता दोनच सांगितल्यात, सोमवार आणि बुधवार. मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर हाय? बरं झालं म्हटलं, सुधारतायत.”

“रुग्णालयातून कोणी विचारलं नाही?”

“विचारलं. आता कळलं, तिथल्या पोरीनं दोनदा फोन केलान. काकी म्हणाल्या, लेकाकडे महाडला जाते शनिवार-रविवार. आणि सून फोन करायची शनिवारी, तर तिला सांगायच्या, जाऊन आले, आता पडते जरा.” त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. “एकदा वाटेत बोलल्या होत्या. माझ्या हट्टापायी पोराचे अठरा हजार गेले, ते भरून द्यायचे. मी म्हटलं, काकी, लेकाचे कोण भरून देतो? तर म्हणाल्या, तू रिक्षा चालव. मॅडम, माझ्या डोक्यात आलंच नाही ओ, कशातनं भरणार ते.”

मी आत गेले. महेश भिंतीला टेकून बसला होता. मला बसायला पाट दिला. मी बोलायचं ते बोलले. प्रमाणपत्रावरचं नाव जुलैत मी पाहायला हवं होतं, आणि डिसेंबरमध्ये इथे यायला हवं होतं, हेही बोलले. तो म्हणाला, “तुम्ही काय करणार, मॅडम.” त्यात दोष देणं नव्हतं आणि माफ करणंही नव्हतं. ते नुसतंच वाक्य होतं.

त्याच्या बायकोनं आतून एक कापडी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. तांदळाच्या डब्यात तळाला सापडली, म्हणाली. आत नोटा होत्या, नऊशे-नऊशेच्या गड्ड्या करून प्रत्येकीला दोरा बांधलेला.

“मोजल्या?” मी विचारलं.

“तेरा हजार पाचशे,” महेश म्हणाला.

पंधरा शनिवार झाले होते. पाच राहिले होते.